दिवसा नोकरी, फजरनंतर वेबसाइट

आपल्या समाजातल्या तरुणांमध्ये हल्ली एक नवे चित्र दिसते. दिवसा एखाद्या कंपनीत, दुकानात नाहीतर शाळेत नोकरी करायची आणि उरलेल्या वेळेत घरच्या संगणकावर लोकांना वेबसाइट बनवून द्यायच्या. या धंद्याला दुकानाचे भाडे लागत नाही, मालाचा साठा लागत नाही. एक बऱ्यापैकी लॅपटॉप, इंटरनेट आणि शिकण्याची चिकाटी एवढ्यावर सुरुवात होते. वर्डप्रेससारखे साधन तर २००३ सालापासून मोफत आहे. जगातल्या असंख्य वेबसाइट त्यावरच उभ्या आहेत.

शिकायचे कसे, यावर व्हिडिओ आणि वर्ग भरपूर आहेत, म्हणून त्याविषयी आम्ही इथे लिहीत नाही. आम्ही लिहितो आहोत ते ज्याबद्दल कोणी बोलत नाही त्याविषयी: नोकरी असताना दुसरा व्यवसाय करायचा तर कोणता वेळ कोणाचा, कोणती वस्तू कोणाची आणि कोणता पैसा कोणाचा. आम्ही म्हणजे रत्नागिरीतले एक जोडपे. आमच्यातला एकजण एमआयडीसीतल्या कंपनीत हिशेब बघतो. दुसरी घर सांभाळून ग्राहकांशी बोलते, मजकूर लिहिते, फोटो नीट करते. गेली पाच वर्षे आम्ही हा व्यवसाय करतो आहोत. आंबा बागायतदार, उमरा टूरवाले, एक शाळा, दोन दवाखाने, एक फर्निचरवाला अशी आमची ग्राहकमंडळी.

विकलेला वेळ

महिन्याच्या पगारावर आपण नोकरी धरतो तेव्हा दिवसातले आठ तास मालकाला विकलेले असतात. ते तास आपल्याकडे असतात, पण आपले नसतात. म्हणजेच ती अमानत असते. ऑफिसात काम नाही म्हणून मोकळे बसलो असतानासुद्धा ते तास मालकाचेच. त्या वेळात स्वतःच्या ग्राहकाची वेबसाइट उघडून दोन रंग बदलणे हीसुद्धा दुसऱ्याच्या वस्तूला हात लावण्याचीच गोष्ट झाली. कंपनीचा लॅपटॉप, प्रिंटर, इंटरनेट आणि तिच्या ग्राहकांचे फोन नंबर यांचेही तसेच. आमच्या घरात यासाठी वेगळा लॅपटॉप आहे. तो जुना आहे, पण आमचा आहे.

यात कायद्याचाही भाग आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार नोकरीच्या ओघात, नोकरीचा भाग म्हणून केलेल्या कामाचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणारा असतो. कंपनीच्याच यंत्रावर, तिच्याच वेळेत बनवलेली गोष्ट उद्या कोणाची, असा वाद उठला तर उत्तर देणे अवघड जाईल.

म्हणून पहिले काम म्हणजे कपाटातून नियुक्तीपत्र काढून पुन्हा वाचणे. त्यात बहुधा एक ओळ असते की कर्मचारी लेखी परवानगीशिवाय दुसरी नोकरी अथवा व्यवसाय करणार नाही. त्या कागदावर आपली सही असते. सूरह माइदाची सुरुवातच श्रद्धावंतांना करार पाळायला सांगून होते, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक आहे. मग या ओळीचे काय करायचे? तर परवानगी मागायची. आम्ही अर्ध्या पानाचा अर्ज दिला होता: काम कंपनीच्या वेळेबाहेर होईल, कंपनीच्या धंद्याशी त्याचा संबंध नसेल, कंपनीचे कोणतेही साधन वापरले जाणार नाही. साहेबांनी आठवडाभर कागद ठेवून घेतला आणि मग सही केली. तो कागद आमच्या फाइलमध्ये पहिला आहे.

ही बाब किती गंभीर होऊ शकते हे २०२२ साली सर्वांनी पाहिले. विप्रोचे अध्यक्ष रिशाद प्रेमजी यांनी अशा लपूनछपून केलेल्या दुसऱ्या कामाला सरळ फसवणूक म्हटले, आणि प्रतिस्पर्धी कंपन्यांसाठी काम करताना आढळलेल्या ३०० जणांना विप्रोने काढून टाकल्याचे सांगितले. त्याच वर्षी स्विगीने आपल्या कर्मचाऱ्यांना काही अटींवर बाहेरचे काम करायला मोकळीक दिली. इन्फोसिसनेही पूर्वपरवानगी घेऊन काही कामे करता येतील असे कळवले. एका कंपनीत जे चालते ते दुसरीत नोकरी घालवते. त्यामुळे मित्राच्या कंपनीत चालते म्हणून आपल्याकडेही चालेल, असे धरून चालू नये.

सरकारी नोकरांचे नियम आणखी कडक आहेत. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रमाणे शासकीय कर्मचाऱ्याला शासनाच्या पूर्वमंजुरीशिवाय खासगी व्यापार-धंदा करता येत नाही. इथे एक पळवाट सर्रास काढली जाते, ती म्हणजे बायकोच्या नावावर धंदा. बिल तिच्या नावाने, बँक खाते तिचे, आणि काम सगळे साहेबांचे. बाईला स्वतःच्या नावावर कोणत्या वेबसाइट बनल्या तेही माहीत नसते. आमच्या मते ही हिकमत नव्हे, खोटेपणाच आहे. शिवाय त्यात बायकोला ओढलेले असते. पत्नी खरोखर काम करत असेल, शिकत असेल, ग्राहक तिला ओळखत असतील, तर व्यवसाय तिचा म्हणण्यात काहीच गैर नाही, उलट चांगलेच. हजरत खदीजा (रजि.) यांचा व्यापार त्यांच्या स्वतःच्या नावाने आणि भांडवलाने चालत होता, आणि प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांचा माल विश्वासाने नेऊन विकला होता. तिथे कोण मालक आणि कोण काम करणारा यात काडीचाही संशय नव्हता.

आखातात असलेल्या आपल्या कोकणातल्या भावांसाठी दोन ओळी. तिथला व्हिसा आणि कामाचा परवाना एका विशिष्ट मालकासाठी असतो. बाहेरचे काम करायचे तर तिथल्या कायद्याप्रमाणे वेगळा परवाना लागतो. संयुक्त अरब अमिरातीत असे अर्धवेळ आणि फ्रीलान्स परवाने मिळतात. ते न घेता रात्री खोलीवर काम करणे म्हणजे आपली रोजीच धोक्यात घालणे.

उरलेला वेळ किती?

आता जो वेळ आपला आहे तो मोजून बघू. आमच्या घरी सोमवार ते शनिवार नोकरी असते. फजरच्या नमाजनंतर आंघोळ-नाश्त्याची वेळ होईपर्यंत सव्वा तास मिळतो. सहा दिवसांचे साडेसात तास झाले. रविवारी सकाळी चार. एकूण आठवड्याला साडेअकरा तास. रात्री आम्ही काम करत नाही. दिवसभर आकड्यांत घालवलेल्या डोळ्यांनी रात्री अकरा वाजता केलेले काम सकाळी पुन्हा करावे लागते, आणि पहाटेच्या वेळेत बरकत असते हे आपल्याला लहानपणापासून सांगितलेलेच आहे.

पाच पानांची साधी वेबसाइट, म्हणजे मुखपृष्ठ, आमच्याविषयी, माल अथवा सेवा, फोटो आणि संपर्क, नीट बनवायला आम्हांला सुमारे पन्नास तास लागतात. साडेअकरा तासांच्या हिशेबाने साडेचार आठवडे झाले. मध्ये कोणी आजारी पडते, लग्न येते, वीज जाते. म्हणून आम्ही ग्राहकाला सहा आठवडे सांगतो आणि एका वेळी एकच काम घेतो. ‘पंधरा दिवसांत देतो’ असे सांगणारा नोकरदार एकतर मालकाचा वेळ चोरणार असतो, नाहीतर घरच्यांचा.

घरच्यांच्या वेळेविषयी थोडे जास्त लिहायला हवे. पहाटेचा सव्वा तास पुरुषाला फुकट मिळालेला वाटतो. पण त्याच सव्वा तासात मुलांचे डबे, गणवेश, पाणी भरणे, सासूबाईंची गोळी हे सगळे दुसरे कोणीतरी करत असते. त्यातला वाटा आधी जो उचलत होता तो आता संगणकासमोर बसला, तर ते ओझे कोणावर गेले हे त्याने मान वर करून बघायला हवे. हजरत सलमान फारसी (रजि.) यांनी आपले मित्र हजरत अबू दरदा (रजि.) यांना सांगितले होते की रबचा हक्क आहे तसा शरीराचा आणि घरच्यांचाही तुमच्यावर हक्क आहे, आणि प्रेषितांनी (स.) त्यांचे म्हणणे खरे ठरवले. तिथे तर गोष्ट इबादतीच्या अतिरेकाची होती. इथे नुसत्या कमाईची आहे. आमच्याकडे वाटणी अशी: सोमवार, बुधवार, शुक्रवार डबे एकाने करायचे आणि मंगळवार, गुरुवार, शनिवार दुसरीने. ज्याचे डबे त्याचे त्या दिवशी संगणकावरचे काम अर्धा तास उशिरा सुरू होते. ते सहा आठवड्यांच्या मुदतीत धरलेले आहे.

आपलाच माणूस

पहिले ग्राहक ओळखीतूनच मिळतात, आणि या धंद्यातली सर्वात मोठी अडचणही ओळखीतूनच येते. मामू म्हणतात, “अरे, माझ्या दुकानाची करून दे की, तुला काय, दोन बटणे दाबायची.” चाचांचे मित्र म्हणतात, “आपलाच पोरगा आहे, पैशांचे काय बोलायचे!” आपणही अदबीने मान हलवतो. मग तीन महिने ते काम लोंबकळते, मनात कडवटपणा येतो, शेवटी नात्यातले बोलणे तुटते आणि वेबसाइटही अर्धवट राहते.

आमची रीत अशी आहे. एखादे काम फुकट करायचे ठरवले तर ते पहिल्या दिवशीच आणि मनापासून ठरवतो. मोहल्ल्यातल्या मशिदीची, एका ग्रंथालयाची वेबसाइट आम्ही सदका म्हणून केली आणि तसे सांगूनच केली. त्याचा एक पैसाही मागायचा नाही, कुरकुरही करायची नाही. बाकी सर्व कामे पैशांची, मग ते मामू का असेनात. मामूंना सवलत द्यायची तर बिलात पूर्ण रक्कम लिहून त्याखाली सवलत लिहायची, म्हणजे कामाची किंमत त्यांनाही कळते. मधले, धूसर, ‘बघू नंतर’ असे काम मात्र घेऊ नये. मजुराचा घाम वाळण्याआधी त्याची मजुरी देण्याची ताकीद आपल्या सर्वांना माहीत आहे; पण मजुरी किती हेच ठरले नसेल तर देणारा तरी काय देणार?

किंमत ठरवताना लाजण्याचे कारण नाही. समजा नोकरीत ३१,२०० रुपये पगार आहे. महिन्याचे २६ दिवस, रोज आठ तास, म्हणजे २०८ तास. तासाला दीडशे रुपये पडले. तुमच्या एका तासाची ही किंमत बाजाराने आधीच ठरवली आहे. घरच्या कामाचा तास याहून स्वस्त विकू नये, कारण इथे वीज, इंटरनेट, लॅपटॉपची झीज, ग्राहकाशी फोनवर बोलण्यात गेलेला वेळ हे सगळे तुमचेच. आम्ही पन्नास तासांच्या कामाला पंधरा हजारांपासून सुरुवात केली, म्हणजे तासाला तीनशे. पाच हजारांत करून देणारेही आपल्या गावात आहेत. त्यांच्याशी स्पर्धा करण्याचा विचार आम्ही सोडून दिला आहे.

एक पानाचा कागद

कुरआनमधली सर्वात मोठी आयत कोणत्या विषयावर आहे? सूरह बकराची २८२ वी, आणि ती उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी, साक्षीदारांविषयी आणि लिहिणाऱ्याच्या न्यायीपणाविषयी आहे. एवढी मोठी आयत रोजच्या देण्याघेण्यावर असताना आपल्याकडे ‘लिहून घेतले म्हणजे विश्वास नाही’ असे का समजतात, कोण जाणे.

आमचा करार एका पानाचा, मराठीत असतो. किती पाने, कोणत्या भाषांत, मजकूर आणि फोटो कोण देणार आणि कोणत्या तारखेपर्यंत, बदल किती वेळा करून देणार (आम्ही दोनदा देतो), काम कधी पूर्ण होणार. पैसे तीन भागांत: सुरुवातीला निम्मे, कच्चा आराखडा पसंत पडला की पाव, वेबसाइट सुरू होताना उरलेले पाव. ग्राहकाने मजकूर उशिरा दिला तर आमची मुदतही तेवढीच पुढे जाते, हे वाक्य फार कामाचे आहे. दहापैकी आठ वेबसाइट मजकुरासाठीच अडून राहतात. फिकहच्या भाषेत अशा व्यवहाराला काय म्हणावे, आगाऊ रक्कम कशी धरावी, यात मसलकप्रमाणे बारकावे आहेत. कोकणात आपण बहुतेक शाफई आहोत, घाटावर हनफी जास्त. आपापल्या मौलानांना कागद दाखवून विचारावे. काम, किंमत आणि मुदत संदिग्ध राहू नये यावर मात्र सर्वांचे एकमत आहे.

या कागदात एक ओळ मालकीची हवी. पुष्कळांना वाटते की पैसे दिले म्हणजे वेबसाइट आपोआप ग्राहकाची झाली. आपल्या कायद्यात तसे नाही. नोकर नसलेल्या माणसाने लिहिलेल्या संगणकीय कामाचा हक्क त्याच्याकडेच राहतो, आणि तो दुसऱ्याला द्यायचा तर लिहून सही करून द्यावा लागतो. ग्राहकाला हे माहीत नसते, आपल्याला माहीत असते. म्हणून आम्हीच लिहून देतो: पूर्ण पैसे मिळाल्यावर या वेबसाइटसाठी खास बनवलेल्या सर्व गोष्टींचे हक्क ग्राहकाचे.

त्याहून महत्त्वाचे डोमेन, म्हणजे वेबसाइटचे नाव. त्याचे वर्षाला साधारण हजार रुपयांच्या आसपास पडतात. रक्कम लहान, पण त्या नावावरच ग्राहकाचा सारा धंदा उभा राहतो. काही डिझाइनर ते स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलने घेतात. पुढे भांडण झाले, किंवा तो दुबईला गेला, किंवा अल्लाहला प्यारा झाला, की ग्राहकाच्या हातात काही उरत नाही. पाच वर्षे पेट्यांवर, पिशव्यांवर, दुकानाच्या पाटीवर छापलेले नाव गेले. आमच्याकडे असे तीन ग्राहक आले होते. एकाचे नाव मिळवायला चार महिने लागले, एकाला नवे नावच घ्यावे लागले. आम्ही डोमेन ग्राहकाच्या नावाने, त्याच्या ईमेलवर, त्याच्या कार्डाने घ्यायला लावतो. काम संपले की सर्व पासवर्ड कागदावर लिहून, पाकिटात घालून त्याच्या हातात देतो आणि ते बदलायला सांगतो. नूतनीकरणाची तारीख पाकिटावर मोठ्या अक्षरांत.

चोरलेल्या थीम आणि प्लगइन यांविषयीही इथेच सांगतो. विकत घ्यायची थीम कोणीतरी फुकट वाटत असते, ती घेऊ नये. एक तर बनवणाऱ्याचा हक्क मारला जातो. दुसरे म्हणजे अशा फायलींत अनेकदा घातक कोड दडवलेला असतो, आणि वर्षभराने ग्राहकाच्या वेबसाइटवर जुगाराच्या जाहिराती दिसू लागतात. मोफत आणि परवाना असलेल्या थीम भरपूर आहेत.

आपल्याकडे काय खास आहे

मोठ्या शहरातल्या कंपन्यांपुढे आपण कशाला टिकू, असे नवख्याला वाटते. आमचा अनुभव असा की मराठी आणि उर्दू दोन्ही येणारा डिझाइनर मिळणे कठीण आहे. गावातले ग्राहक छापखान्यात टाइप केलेला मजकूर आणून देतात. मराठी असेल तर तो श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये आणि उर्दू असेल तर इनपेजमध्ये. तो तसाच वेबसाइटवर टाकला की नुसती चिन्हांची खिचडी दिसते. त्याचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे लागते, आणि नंतर जोडाक्षरे, रफार एकेक करून तपासावे लागतात. ओळींमधले अंतर इंग्रजीइतकेच ठेवले तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीला टेकतो. नस्तालीक लिपीला तर त्याहून जास्त जागा हवी. उर्दू पान उजवीकडून सुरू होते, म्हणजे मेन्यू, बाण, फोटोंची जागा सगळे उलटे करावे लागते. एका शाळेचे उर्दू पान बघून तिथले जुने मुख्याध्यापक बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले, मग म्हणाले, “यात नुक्ते जागच्या जागी आहेत.” एवढ्या एका वाक्यावर आम्हांला पुढची दोन कामे मिळाली.

बाकी तांत्रिक गोष्टींत एकच सांगतो. आपल्याकडे बहुतेक माणसे वेबसाइट मोबाइलवरच बघतात. फोनने काढलेला फोटो चार-पाच एमबीचा असतो. तो दोनशे केबीच्या आत आणावा, म्हणजे राजापूर-लांज्याच्या आतल्या वाडीतही पान उघडते. आणि व्हॉट्सअ‍ॅपचे बटण सर्वात वर ठेवावे.

शब्दही आपलेच असतात

वेबसाइटवरचा मजकूर आपल्या हातून जातो, आणि तिथे खोटेपणाला आपला हातभार लागू शकतो. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळाले. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतला हापूस त्यात येतो, आणि त्याचे चिन्ह नोंदणी केलेल्यालाच वापरता येते. त्यामुळे कोणी बागायतदार ते चिन्ह टाकायला सांगतो तेव्हा आम्ही नोंदणीचा कागद मागतो. परराज्यातला आंबा ‘अस्सल रत्नागिरी’ म्हणून टाका, असे सांगणारा एक व्यापारी आला होता. चाळीस हजारांचे काम होते. आम्ही नाही म्हटले. त्या महिन्यात फ्रिज दुरुस्तीला गेलेला होता, हेही सांगायला हवे.

उमरा टूरवाल्यांची वेबसाइट करताना ‘हरमपासून पाच मिनिटांवर हॉटेल’ हे वाक्य हमखास येते. आम्ही हॉटेलचे नाव घेऊन नकाशावर चालत जाण्याचे अंतर बघतो आणि तेवढेच लिहितो. ज्या म्हाताऱ्या दादी आयुष्यभराची पुंजी देऊन जाणार, त्यांच्या गुडघ्यांना ते अंतर चालायचे असते. हजचे बुकिंग घेणाऱ्याकडे भारत सरकारच्या अल्पसंख्याक मंत्रालयाची नोंदणी आहे का, हे पाहिल्याशिवाय तर बुकिंगचे पान बनवूच नये. शाळेच्या वेबसाइटवर मुलींचे फोटो टाकण्याआधी पालकांची लेखी संमती घेतो. बार, जुगार, व्याजाने पैसे देणाऱ्या पेढ्या ही कामे आम्ही घेत नाही, आणि हे ग्राहक दारात येण्याआधीच आपापसात ठरलेले असणे बरे. समोर पैसे ठेवल्यावर ठरवायला बसू नये.

पैसा आला की

व्यवसायाचे बँक खाते वेगळे. आगाऊ मिळालेली रक्कम काम होईपर्यंत त्यातच राहते. काम रद्द झाले तर न केलेल्या भागाचे पैसे परत देता आले पाहिजेत. घरखर्च पगारातूनच चालतो. पहिले वर्षभर आम्ही या खात्यातून लॅपटॉप आणि होस्टिंगखेरीज काही घेतले नाही. वर्ष पुरे झाले की या खात्यातली शिल्लकही जकातीच्या हिशेबात धरायची.

सरकारी बाजू फार अवघड नाही. ‘उद्यम’ नोंदणी आधार क्रमांकावर, मोफत होते. तिच्यासाठी पैसे मागणाऱ्या दलालांपासून दूर राहावे. सेवा देणाऱ्याला आपल्या राज्यात वर्षाला वीस लाखांच्या उलाढालीपर्यंत सर्वसाधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. पण प्राप्तिकराचे विवरण भरताना नोकरदारांचा ‘सहज’ अर्ज मग चालत नाही, व्यवसायाचे उत्पन्न दाखवणारा अर्ज भरावा लागतो. पहिल्या वर्षी एखाद्या सनदी लेखापालाकडे जावे. कंपनीसारखे ग्राहक पैसे देताना टीडीएस कापतात. ती रक्कम बुडालेली नसते, विवरणात दाखवून वळती करता येते.

उद्यम नोंदणीचा आणखी एक उपयोग आहे. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्याप्रमाणे लहान व्यावसायिकाचे पैसे ठरल्या तारखेला, आणि करारात काहीही असले तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. व्याज आम्ही मागत नाही. पण मुद्दल हक्काचे आहे, आणि ते या कायद्याचा उल्लेख करून, सभ्य भाषेत, लेखी मागण्यात संकोच कसला? एका दवाखान्याकडे आठ महिने अडकलेले पैसे अशा एका पत्रावर तीन आठवड्यांत आले.

लोक विचारतात, नोकरी कधी सोडणार? आमचा आकडा ठरलेला आहे. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला पडला पाहिजे, आणि वेबसाइटच्या वार्षिक देखभालीतून दरमहा येणारी रक्कम पगाराच्या निम्म्यापर्यंत पोहोचली पाहिजे. नवे काम कधी मिळते कधी नाही, देखभालीचे पैसे मात्र दरवर्षी येतात. पहिली अट पूर्ण झाली आहे. दुसरीला अजून अवकाश आहे. मुलांची फी आणि अम्मांचे औषधपाणी पगारावर चालू आहे, तोवर घाई नाही.

सध्या आमच्यापुढे वेगळाच पेच आहे. आंबेवाल्यांना वेबसाइट मार्चच्या आधी हवी असते, कारण पेट्यांच्या ऑर्डरी तेव्हाच सुरू होतात. रमजान मात्र दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे सरकतो आणि या काही वर्षांत तो नेमका या लगबगीच्या महिन्यांत येतो आहे. सहरीला उठलेल्या घरात फजरनंतरचा सव्वा तास झोपेला द्यावा लागतो, आणि तरावीहनंतर कोणी संगणक उघडू नये असे आम्हां दोघांनाही वाटते. म्हणून आंब्याची कामे आता नोव्हेंबर अखेरपर्यंत आलेलीच घेतो. डिसेंबरात फोन करणाऱ्यांना पुढच्या हंगामाची तारीख सांगतो. यंदा चौघे थांबायला तयार झाले, दोघे दुसरीकडे गेले.